गमछ्याखालचे गिअर

सायकलीच्या गिअरवरून दोन शहाणी माणसं आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला रायपूरला बदली होईपर्यंत माहीत नव्हतं. त्या दोघांतली एक मी. दुसरे आमचे घरमालक. त्यांना शहाणं म्हणणं त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कधीच मान्य केलं नसतं; पण मी पडले भाडेकरू, मला तोंड सांभाळून बोलावं लागे. आता पुन्हा बदली होऊन मी तिथून निघाले आहे, तेव्हा मोकळेपणाने सांगते.

शंकर नगरात त्यांचं घर. खाली काका-काकू, वर मी एकटी. मी मूळची यवतमाळची. पहिल्याच दिवशी काकांनी "काहून वं पोरी, एकटीले एवढं सामान कायले लागते?" असं विचारलं तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पुढच्याच मिनिटाला त्यांनी खिशातून लोहचुंबक काढला आणि माझ्या स्टीलच्या डब्यांना लावून पाहायला लागले, तेव्हा ते वाटणं गेलं. एक डबा चुंबकाला चिकटला. त्यांनी दुसऱ्या खिशातून पिवळा खडू काढून त्यावर ठसठशीत फुली मारली.

"हलकं स्टील. दुकानदारानं फसवलं तुले."

तो डबा माझ्या आईच्या लग्नातला होता. मी तसं सांगितलं. "मग तुह्या आईले फसवलं," काका म्हणाले आणि पुढच्या डब्याकडे वळले.

त्यांची सगळी नोकरी सिलतऱ्याच्या कारखान्यांमध्ये माल तपासण्यात गेली. सळया, पत्रे, पाइप. प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावर माल कुठल्या प्रतीचा ते लिहिलेलं असतं. चिठ्ठी एक आणि माल दुसरा निघाला की काकांची फुली पडायची आणि मग मालक येवो की मंत्री, ती पुसली जायची नाही. "माल हलका असला तं चालते," ते म्हणत, "खोटी चिठ्ठी नाही चालत." रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चुंबक आणि खडू खिशातून गेले नव्हते. दूधवाल्याच्या कॅनवर फुली, माझ्या गिझरवर फुली, गल्लीतल्या नव्या विजेच्या खांबावर फुली. भाचीच्या लग्नात त्यांनी मांडवात जाऊन रुखवताची भांडी तपासली आणि तीन पातेल्यांवर फुल्या मारल्या. रुखवत त्यांच्या सख्ख्या बहिणीने मांडलं होतं. व्याही मंडळी फुल्यांकडे पाहत उभी, आणि हे बहिणीला समजावून सांगताहेत की तुझा दोष नाही, पण माहीत तं पाहिजे. ती बहीण पुढे दोन दिवाळ्या आली नाही.

घराणं जुनं. भोसल्यांच्या वेळेस पूर्वज इकडे आले, असं ते अभिमानाने सांगत. "ते घोड्यावर आले, मी सायकलवर आलो," हे त्यावरचं त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून पाहुण्याने हसायचं असतं हे काकू मागून खुणेने सांगत.

पण खरी गोष्ट ती सायकल. कारखान्यात फार पूर्वी नवी यंत्रं बसवायला इटलीचा एक इंजिनीअर आला होता. तो सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या सायकलवर फिरायचा. जाताना सायकल काकांना देऊन गेला. त्या सायकलीला जो गिअरचा संच होता, तो त्या काळातला सगळ्यात वरच्या दर्जाचा. हँडलच्या मुठीजवळचे खटके, मागची दातेरी चकत्यांची चळत, चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलर, पायडलचे दांडे, ब्रेक, सगळं एका कंपनीचं, चांदीसारखं लखलखीत. मागे नऊ चकत्या. खटका अंगठ्याने दाबायचा. काका तो दाबून दाखवत आणि डोळे मिटून घेत. "ऐक," म्हणत. 'टक्' असा एक आवाज यायचा. "आणखी एकदा ऐक." आणखी एक टक्. मी ऑफिसला उशीर झाल्याचं सांगून निघायची.

आणि त्यांची एक इच्छा होती. अख्ख्या शंकर नगराला माहीत असलेली. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. दर हिवाळ्यात रायपूरचे सायकलवाले तेलीबांधा तलावापासून निघून पिथौऱ्याला जाऊन परत यायची राइड ठेवतात. जागोजागी कार्डावर शिक्के, वेळेत आलात तर पदक, नाही तर काही नाही. काकांनी मी यायच्या आधी दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्हीदा वाटेतल्या झलपहून टेम्पोत बसून परत आले होते. पहिल्यांदा खटक्यातली स्प्रिंग तुटली. दुसऱ्यांदा, ते सांगत, आदल्या संध्याकाळच्या गुपचुपने, म्हणजे आपल्या पाणीपुरीने, घात केला. त्या गुपचुपवाल्याच्या गाडीवरही फुली होती. आता एकोणसत्तर चालू होतं. यंदा नाही तर मग नाही, हे ते स्वतःच म्हणायचे, आणि मग घाईने पुढचं जोडायचे, "अन् याच संचावर. नव्या डबड्यावर मारलं तं कोणी बी मारते."

मीही तिकडे जाऊन सायकलच्या नादी लागले. एक सेकंडहँड सायकल घेतली. सांगाडा चांगला, गिअर पार झिजलेले. नवीन संच बसवायचा होता. माझ्या आवाक्यात दोनच गोष्टी होत्या: आजचा, नवाकोरा, मधल्या दर्जाचा संच, नाहीतर पंचवीस वर्षांपूर्वीचा, वापरलेला, वरच्या दर्जाचा. मी चूक केली आणि काकांना विचारलं.

"रिटायर झालेला कलेक्टर," काका म्हणाले, "अन् कालच लागलेला तहसीलदार. सांग मले, वजन कोणाच्या सहीले?"

"काका, रिटायर झालेल्याच्या सहीवर दाखला निघत नाही."

आठ दिवस बोलले नाहीत. भाड्याची पावतीसुद्धा काकूंच्या हाती पाठवली.

नवव्या दिवशी सकाळी दार वाजलं. "चल," म्हणाले. कुठे ते सांगितलं नाही. मला घेऊन गेले सदर बाजारात, सराफाच्या दुकानी. पिशवीतून आपला जुना डिरेलर काढला. दुसऱ्या पिशवीतून सायकलच्या दुकानदाराकडून पाहायला म्हणून आणलेला नवा, मधल्या दर्जाचा. "तौल दो," सराफाला म्हणाले. सोन्याच्या काट्यावर! सराफ आधी गोंधळला, मग त्याने अगदी रीतीप्रमाणे चिमट्याने उचलून, काचेचं दार लावून दोन्ही वजनं केली. समोर एक बाई मुलीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला बसलेली, ती मान वाकवून पाहत होती. जुना हलका भरला. फरक किती, तर सोन्याच्या दोन-चार मण्यांएवढा. काका त्या बाईकडे वळून म्हणाले, "देखा?" बाई म्हणाली, "हव." छत्तीसगढी माणूस 'हव', म्हणजे हो, म्हणाला की विषय संपतो. काकांनी बाहेर येऊन मला आणि सराफाच्या नोकराला पोहे-जलेबी खाऊ घातली.

मी तरी नवाच घेणार होते. खरं सांगते. पण मग पावसाळा संपल्यावर एक गंमत झाली. काका एका संध्याकाळी वर आले, हातात जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं. सोडलं तर आत संच. चांदीसारखा. नऊ चकत्या.

"हा दुसरा," म्हणाले. "त्या इटलीवाल्यानं दोन ठेवून देले होते. एक माह्या सायकलले, एक ट्रंकेत. तुले देतो. लाव."

"काका, मला नाही घेता येणार इतकं."

"घे म्हटलं तं घे. डोकं नको खाऊ."

आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? ज्या संचापुढे हे डोळे मिटतात, त्याचा जुळा भाऊ मला देताहेत. मी गाठोडं घेतलं. पुढचे चार रविवार त्यांनी अंगणात बसून तो संच माझ्या सायकलवर बसवला. बसवताना इतका हात फिरवत होते त्याच्यावर, की काकू आतून म्हणाल्या, "अंघोळ घाला आता त्याले."

आणि मग माझे हाल सुरू झाले. तो खटका म्हणजे खटका नव्हताच, दाराची जुनी कडी होती. सकाळी नव्या रायपूरच्या रस्त्यावर आम्ही सरावाला जायचो. उड्डाणपुलाच्या चढावर हलका गिअर लागेचना, कारण हलका म्हणावा असा गिअर त्या नऊ चकत्यांत नव्हताच. शर्यतवाल्यांसाठी केलेला संच तो. त्यांच्या मांड्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या. मी लाल होऊन, जीभ बाहेर काढून चढायची. आणि काका? माझ्याहून पस्तीस वर्षांनी मोठे काका, त्याच संचाच्या जोरावर, तुरुतुरु पाय फिरवत, शीळ घालत मला मागे टाकून जायचे.

"अंगठ्यात मन लाव," वरून ओरडायचे. "खटका दाबायचा नसते, त्याले विनंती करायची असते!"

मी विनंत्या केल्या. शिव्याही दिल्या, यवतमाळच्या. काही उपयोग झाला नाही. सरावाच्या ग्रुपमधले लोक मात्र काकांवर लट्टू. आमच्यात पंडरी बाजारातले एक कपडेवाले भैया होते, त्यांची सायकल सगळ्यात नवी आणि सगळ्यात काळी. ते म्हणायचे, "अंकल, दो साल पहले तो आप हाँफते थे. अब क्या खाते हो?" काका म्हणायचे, "हम नहीं खाते. पुराना सामान खिलाता है."

एक गोष्ट मला विचित्र वाटायची. चहाला थांबलो की काका आधी गळ्यातला गमछा काढून मागच्या चाकावर टाकायचे. गिअर, चेन सगळं झाकून. का म्हणून विचारलं तर "नजर लागते" म्हणाले. जो माणूस बहिणीच्या रुखवतावर भर मांडवात फुल्या मारतो, तो नजर लागते म्हणतो! माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळायला हवा होता. मी मेली भोळी.

किडा वळवळला तो एका सकाळी टपरीवर. काका समोसे आणायला गेले होते. त्यांची सायकल भिंतीला टेकलेली, गमछा टाकलेला. वाऱ्याने त्याचं एक टोक उडालं. मी नीट घालायला म्हणून वाकले आणि सहज, अगदी सहज, चकत्या मोजल्या. अकरा.

पुन्हा मोजल्या. अकरा. आणि शेवटची चकती केवढी, तर वरणाच्या वाटीच्या तोंडाएवढी नव्हे, ताटलीएवढी. या चकतीवर चेन टाकली तर माझी आजीसुद्धा तो पूल चढली असती. डिरेलर चांदीसारखा चकाकत होता खरा, पण जवळून पाहिलं तर नावाच्या जागी कानशीचे ओरखडे. नाव घासून टाकलेलं. हा आजचा, मधल्या दर्जाचा, काळ्या रंगाचा संच. काळा मुलामा उतरवून, पॉलिश मारून, म्हातारा बनवलेला.

म्हणजे माझ्या सायकलवर होता तो 'दुसरा' नव्हता. तोच तो होता. दुसरा कधी नव्हताच.

मी गमछा नीट घातला. काका समोसे घेऊन आले. मी दोन खाल्ले, त्यांच्या वाट्याचा एक धरून. माझ्या डोक्यात तेव्हा एकच चित्र होतं: राइडचा शेवट, तेलीबांध्याला सगळे जमलेले, आणि मी सगळ्यांसमोर तो गमछा ओढतेय.

घरी आल्यावर सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. खिडकीत एका जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात त्यांनी कोथिंबीर लावली होती. पातेल्याच्या बुडाला इतकी भोकं, की पाणी घातलं की खाली धार.

"काकू, हे पातेलं कशानं असं झालं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग गॅस बंद केला.

"समजलं का तुले?" म्हणाल्या. "माह्यं इडलीचं पातेलं खाल्लं त्यायनं. कॉस्टिक सोडा टाकून त्यात ते काळे गिअर उकळायले ठेवले, रंग उतरवायले. गिअर काढले बाहेर, अन् सोडा तसाच ठेवून गेले झोपायले. जन्मभर धातू तपासला, अन् सोडा ॲल्युमिनियम खाते हे आठवलं नाही."

संच जावयाच्या पत्त्यावर नागपूरला मागवला होता आणि बसने आणला होता. पोस्टमनलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता.

"पण कशाला? एवढं नाटक कशाला काकू? अन् वर मला तो खटारा गळ्यात घालून?"

काकू खाली बसल्या. "अंगठा गेला त्यायचा," म्हणाल्या. "वर्ष झालं. सांधा झिजला म्हणे. सकाळी दंतमंजनाच्या ट्यूबचं झाकण मी आधीच सैल करून ठेवतो, समजू न देता. झलपले गुपचुप नव्हतं वं. खटका दाबून दाबून अंगठा असा सुजला, की हँडल धरता येत नव्हतं. टेम्पोत बसून रडत आले. माह्यासमोर रडले नाहीत कधी, त्यायचे बाबूजी गेले तेव्हा बी नाही. घरी आले अन् तीन महिने त्या खुर्चीवर बसून राहिले. चुंबक सुद्धा काढला नाही खिशातून. मले वाटलं, गेलं हे माणूस हातातून."

मी पातेल्यातली कोथिंबीर उगाच खुडत राहिले.

"मग एक दिवस स्वतःच मागवला नवा. त्याचा खटका बोटानं जराक ढकलला की झालं. पण लोकायले सांगू कसं? इतकी वर्षं सगळ्यायले डबडं डबडं म्हटलं." काकूंनी पदराने हात पुसले. "तुले राग आला असन. बरोबर आहे. पण जुना संच ट्रंकेत ठेवून पाहिला ना चार दिवस. रोज उठून ट्रंक उघडायचे. मग म्हणाले, पोरीले देतो, चालत्या पायाखाली राहीन. राइड होऊ दे, पोरी. मग तुले काय करायचं ते कर."

मला लगेच दया आली असं म्हणेन तर खोटं होईल. राग आला. राइड होईपर्यंत गप्प राहते, असं मी काकूंना कबूल केलं, पण त्यानंतर गमछा ओढणार, हेही मनात पक्कं ठेवलं. दया आली ती नंतर, जिना चढताना, आणि तीही थोडीच.

तोवर मी त्यांना छळायची एक संधी सोडली नाही. "काका, तुमच्या खटक्याचा टक् ऐकवा ना." काकांना एकदम खोकला यायचा. "काका, आपण संच बदलून पाहू या का एक दिवस? जुळे भाऊ आहेत, फरक काय पडतो?" तर म्हणाले, "सवय लागते. सायकलले सवय लागते." मी म्हणाले, "काका, तुम्ही माझ्या संचावर चुंबक लावून पाहिला का हो? चिठ्ठीप्रमाणे आहे ना माल?" त्यावर ते उठून आत गेले. त्या दिवशी मात्र माझं मलाच वाईट वाटलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सहाला तेलीबांध्याहून निघालो. धुकं होतं. काकू सोडायला आल्या होत्या. काकांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग काय वाटलं कोण जाणे, सायकललाही लावलं. गमछा काकांच्या कमरेला होता.

आरंगपर्यंत आम्ही बरोबर होतो. महानदीच्या पुलानंतर ते पुढे गेले. पिथौऱ्याला मी पोचले तेव्हा ते शिक्का घेऊन, चहा पिऊन, निघायच्या तयारीत. मला पाहून थांबले. माझ्या उजव्या हाताकडे नजर गेली त्यांची. मी अंगठा चोळत होते.

"दुखते का?"

"नाही. विनंती करतेय," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. हेल्मेट घालून निघून गेले. मी तिथे बसून भजी खाल्ली आणि स्वतःशी म्हटलं, पळा काका पळा, तेलीबांध्याला भेटूच.

परतीला वारा समोरून. झलपच्या अलीकडे एक लांबलचक चढ आहे, गाडीत बसलेल्याला कळणारही नाही असा. तिथे माझा अंगठा संपला. दाबायला गेले की कोपरापर्यंत कळ. खाली उतरले, अंगठा पाहिला, तर टम्म. मी चौतीस वर्षांची, हाडापेराने धड, आणि रस्त्याच्या कडेला बसून मला रडू यायला लागलं होतं. आणि तेव्हा डोळ्यांपुढे काका उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, याच रस्त्यावर, याच खटक्यावर, असा हात छातीशी धरून बसलेला. आणि मग लोकांना गुपचुपचं कारण सांगणारा. कसला गमछा आणि कसलं काय. माझा बेत तिथेच गळून पडला. इतकी लाज वाटली मला त्याची.

पुढचं कसं झालं ते सांगते, विश्वास ठेवा न ठेवा. अंगठ्याने दाबता येईना म्हणून मी तळहाताने खटका रेटायला लागले, आणि गिअर कमीत कमी बदलायला लागले. एकच गिअर धरायचा आणि पाय चालवत राहायचे. तुमगाव गेलं. पूल गेला. आरंगच्या पुढे वारा पडला, ट्रक विरळ झाले, आणि मला एकदम जाणवलं की माझ्या सायकलचा काहीच आवाज येत नाहीये. चेन फिरतेय आणि आवाज नाही. पंचवीस वर्षांचं लोखंड, आणि दिवसभर मी शिव्या घालत असताना ते मुकाट्याने मला ओढतंय. तळहाताने खटका रेटला. टक्. मी पुन्हा रेटला, उगाच, गरज नसताना. मेले होते मी थकव्याने, आणि तरी हसत होते.

तेलीबांध्याला पोचले तेव्हा साडेसात वाजायला अकरा मिनिटं होती. तलावाकडच्या दिव्यांखाली घोळका जमलेला. मध्ये काका, गळ्यात पदक, त्यावर झेंडूचा हार. ते पाऊण तास आधीच आले होते. कपडेवाले भैया फोन हातात घेऊन ओरडत होते, "अंकल ने साबित कर दिया! मैं आज ही मुंबई से पुराना सेट मँगा रहा हूँ. ये नया वाला कल निकाल के फेंक दूँगा." आणखी दोघं म्हणाले, आमच्यासाठीही बघा.

काका बाकावर बसून होते. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी जीव टाकला तो आला होता, आणि चेहरा पडलेला. मला आलेली पाहून ते उठले. माझं कार्ड शिक्क्यासाठी पुढे गेलं, शिक्का पडला, तोपर्यंत उभेच राहिले. मग म्हणाले, "भैया, रुको. फोन रखो."

ते आपल्या सायकलपाशी गेले आणि मागच्या चाकावरचा गमछा काढला.

"गिनो."

भैया वाकले. एक, दो, तीन करत गेले. नऊला थांबायला हवे होते; थांबले नाहीत. "ग्यारह," म्हणाले. "अंकल, इसमें ग्यारह कैसे?"

"नया है. तुम्हारे वाले से भी सस्ता, बीच वाला. रंग मैंने उतारा, नाम मैंने घिसा." काकांनी उजवा हात वर केला. दिव्यात तो सांधा दिसला, गाठ आलेला. "अंगूठा नहीं चलता अब. साल हो गया. पुराने से मेरा नहीं होता था, नए से हो गया. इतनीच बात है. मैंने झूठ बोला तुम सबसे."

घोळक्यात कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. काकांनी हार काढला, आणि माझ्याकडे बोट केलं.

"पुराना वाला वो है. उस पे दो सौ इस लड़की ने मारा है, मैंने नहीं. ताली बजानी है तो उसके लिए बजाओ."

टाळ्या वाजल्या की नाही मला आठवत नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मी सायकलीवरून उतरायचंच विसरले होते. काकू मागे उभ्या होत्या, त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे.

काका माझ्याजवळ आले. हार माझ्या हँडलवर अडकवला. माझा हात उलटा करून अंगठा पाहिला.

"लय छळलं ना वं तुले त्यानं?" म्हणाले. "माफ कर, पोरी. उद्या काढून टाकू. तुले बी नवा आणू, मी स्वतः बसवून देतो."

आणि ते वाकून तो डिरेलर सोडवायला बघायला लागले, अगदी तिथल्या तिथे, रस्त्यावर. मी सायकल झटक्याने माझ्याकडे ओढली.

"काका, हात नका लावू त्याले," मी म्हणाले.